चाकावर दोन भागांत मोठा रांजण: क्रम, माप आणि ओल

फूट-सव्वा फूट उंचीचं भांडं एका गोळ्यातून चढवणारे बडोद्यात पुष्कळ आहेत. त्यापुढे गेलं की मात्र गाडी अडते. रांजण दोन भागांत करून जोडायचा म्हटलं की त्याच तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. दोन काठ जुळत नाहीत, जोडल्यावर भांडं एका अंगाला कलतं, किंवा सगळं नीट होऊनही वाळताना सांध्यावर बारीक चीर येते. दोष दर वेळी हाताला दिला जातो. मला ते पटत नाही. ज्याला पाच-सहा किलोचा गोळा मध्यावर आणता येतो त्याच्या हातात या कामापुरतं कसब असतंच. गडबड होते ती माप कधी घेतलं यात, आणि दोन भागांची ओल सारखी होती का यात.

खाली एकच रांजण उदाहरणादाखल धरला आहे: पक्क्या भाजणीनंतर ५० सेंमी उंच, पोटाशी ३४ सेंमी रुंद, स्टोनवेअर मातीचा, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीचा. पहिल्यांदा करत असाल तर याहून मोठं काही धरू नका. तीन भागांचं भांडं याच पद्धतीने होतं, पण दोन भागांचे दोन-तीन रांजण सुखरूप भट्टीबाहेर आल्यावरच तिकडे वळा.

१. हिशेब भट्टीपासून उलटा

आधी मातीचं आकुंचन किती ते काढा. पुडक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. मातीची १४ सेंमी लांब पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा, पट्टी वाळवा, तुमच्या नेहमीच्या तापमानाला भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. ती ८.८ सेंमी भरली तर आकुंचन १२ टक्के. आता हव्या असलेल्या मापाला ०.८८ ने भागा. ५० सेंमी उंचीसाठी ओलं भांडं ५७ सेंमी, आणि ३४ सेंमी पोटासाठी ३९ सेंमी. बरेच जण ५० मध्ये १२ टक्के मिळवून ५६ धरतात. लहान भांड्यात हा फरक खपून जातो, मोठ्यात झाकणाचं माप चुकतं.

भट्टीचं माप घेताना आणखी एक चूक हमखास होते. भट्टीत ५० सेंमीचा रांजण मावतो, एवढंच पाहिलं जातं. पण पहिल्या, म्हणजे बिस्किट भाजणीला तो ५० सेंमीचा नसतो. वाळताना साधारण निम्मंच आकुंचन झालेलं असतं, त्यामुळे भट्टीत जाताना तो ५३-५४ सेंमी असतो. वर-खाली आणि चहूबाजूंनी तीन-चार सेंमी मोकळी जागा हवी. म्हणजे आतली उंची ५८-६० सेंमी नसेल तर रांजण लहान धरा. भट्टी दुसऱ्याची असेल तर स्वतः टेप घेऊन जा आणि दाराची रुंदीही मोजा.

मग पूर्ण आकाराची बाह्यरेषा ओल्या मापात जाड कागदावर काढा. सांधा कुठे येणार ते तिच्यावर ठरवा. भिंत जिथे जवळजवळ उभी असते तिथे, पोटाच्या किंचित खाली सांधा घ्यावा असं माझं मत आहे. बाहेर झुकलेल्या काठावर वरचा भाग ठेवला की त्याचं वजन काठाला आणखी बाहेर ढकलतं. या रांजणात सांधा २८ सेंमी उंचीवर आहे आणि तिथली रुंदी ३६ सेंमी. पोट ३९ पर्यंत जोडल्यानंतर आतून फुगवायचं आहे.

तपासा: कागदावर चार आकडे लिहिलेले हवेत. बूड २२ सेंमी, सांध्याची बाहेरून रुंदी ३६ सेंमी, सांध्याची उंची २८ सेंमी, एकूण उंची ५७ सेंमी. कागद चाकासमोर भिंतीला लावा.

२. माती

खालच्या भागाला ९ किलो, वरच्याला साडेसात किलो. दोन्ही एकाच लॉटमधून, एकाच दिवशी मळून. खालचा भाग गुजरातमधल्या थानच्या मातीचा आणि वरचा आणखी कुठल्या मिश्रणाचा असला तर आकुंचन वेगळं होऊन सांधा सुटणारच. कितीही मन लावून जोडला तरी.

मातीत १५ ते २० टक्के भाजक्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, घाला. कण अर्धा ते एक मिलिमीटरचे. त्याने भिंतीला कणा येतो, पाणी बाहेर पडायला वाट मिळते आणि आकुंचनही थोडं कमी होतं. तळहात सोलवटतात हे खरं, म्हणून मध्यावर आणताना हात सतत ओले ठेवा. सुका चुरा मिसळताना तोंडाला मास्क हवाच, आणि नंतर जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

माती छोट्या भांड्यांना घेता त्याहून किंचित घट्ट असावी. मऊ माती चढवायला सोपी वाटते, पण २८ सेंमीची भिंत उभी राहत नाही आणि तुम्ही पाण्याने ती आणखी मऊ करत जाता. मळून झालेले गोळे रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि सकाळी पुन्हा थोडे मळा.

३. फळ्या आणि अवजारं

दोन फळ्या लागतात. १८ मिमी जाडीच्या मरीन प्लायच्या, ४५ सेंमी व्यासाच्या गोल कापून घ्या. त्यांना लाखेचं पॉलिश किंवा वॉर्निश द्या. कोऱ्या प्लायने माती सुकत गेली की सुटते, आणि वरचा भाग उलटा करताना नेमकी हीच गोष्ट नको असते. दोन्ही फळ्या चाकाच्या खुंट्यांवर एकसारख्या बसतात का ते आधी पाहा. डगमगणाऱ्या फळीवर मध्य साधत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

शिवाय मोठा कॅलिपर (रुंदी मोजायचा दोन पायांचा चिमटा), चकतीसारखी लाकडी किंवा रबरी रिब, कापायची तार, काठीला बांधलेला स्पंज, सुई, लाकडी थापी, स्पिरिट लेव्हल आणि जुन्या प्लास्टिक बॅगा.

एक साधन घरीच करा. जुन्या एटीएम कार्डाच्या मधोमध इंग्रजी व्ही आकाराचा, ५ मिमी खोल कट घेत कार्डाचे दोन तुकडे करा. एका तुकड्याला दात येतो, दुसऱ्याला खाच. दाताचा तुकडा खालच्या भागाच्या काठावर फिरवला की काठात चर पडतो, खाचेचा तुकडा वरच्या भागाच्या काठावर फिरवला की कंगोरा येतो. दोन्ही एकाच कापातून आल्यामुळे एकमेकांत नेमके बसतात.

४. खालचा भाग

नऊ किलो एकदम मध्यावर आणायचा अट्टहास नको. पाच किलोचा गोळा फळीवर आपटून मध्यावर आणा, माथा किंचित घुमटाकार ठेवा आणि त्यावरचं पाणी पूर्ण टिपून घ्या. उरलेले चार किलो खालून फुगीर गोळ्यासारखे करून त्यावर दाबा. फुगीरावर फुगीर आलं की हवा कडेने निघून जाते. मग दोन्ही मिळून मध्यावर आणा. कोपर मांडीला किंवा कुशीला टेकलेलं हवं. ताकद खांद्यातून नाही, कमरेतून येते.

गोळा उघडताना बूड १८ मिमी जाड ठेवा. सुई टोचून दोन-तीन ठिकाणी खात्री करा. बूड २२ सेंमीपर्यंत पसरवून झाल्यावर रिबने मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेपासून मध्यापर्यंत चार-पाच वेळा दाबून काढा. ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि बुडाची इंग्रजी एस आकाराची चीर बहुतेक वेळा ही टाळल्यामुळेच येते.

भिंत आधी सरळ नळकांड्यासारखी चढवा, उंची मिळाल्यावरच बाहेर झुकवा. काठ जसा रुंद होत जाईल तसं चाक हळू करा. वेग तोच ठेवला तर १२ सेंमीच्या काठापेक्षा ३६ सेंमीचा काठ तिप्पट वेगाने धावतो आणि तेवढ्याच जोरात बाहेर फेकला जातो. भिंत तळाशी १४-१५ मिमी, मध्ये १२ मिमी, आणि काठाशी मुद्दाम पुन्हा जाड, १५ मिमी. काठ सपाट करून दाबा, मग कार्डाचा दात टेकवून चर काढा.

आता कॅलिपर. काठाची बाहेरून बाहेर रुंदी घ्या आणि स्क्रू घट्ट आवळा. हे माप कागदावर "ओलं माप" म्हणून लिहा. वरचा भाग होईपर्यंत कॅलिपरला हात लावू नका.

सावधान: आत साचलेलं पाणी काठीच्या स्पंजने टिपून घेतल्याशिवाय फळी उचलायची नाही. भांड्याखालून तारही अजून फिरवायची नाही.

५. वरचा भाग, उलटा

हा भाग डोक्यावर उभा राहून घडतो. आज फळीला चिकटलेली बाजू उद्या गळा होणार, आणि आज वर असलेला काठ खाली सांध्याला येणार. साडेसात किलोचा गोळा मध्यावर आणून आरपार फळीपर्यंत उघडा. बूड ठेवायचंच नाही. कडं २४ सेंमीपर्यंत रुंद करा आणि भिंत चढवा. फळीलगत तीन सेंमी जाडीचा कठडा राहू द्या, गळा त्यातूनच ओढायचा आहे. उंची २२ सेंमीच्या आसपास पुरे. काठ १५ मिमी जाड, सपाट, आणि बाहेरून बाहेर रुंदी आवळून ठेवलेल्या कॅलिपरएवढी. मग कार्डाच्या खाचेने कंगोरा काढा.

दोन्ही भाग एकाच दिवशी, पाठोपाठ करा. जमलंच नाही आणि वरचा भाग दुसऱ्या दिवशी करावा लागला, तर इथे सगळ्यात मोठी चूक वाट पाहत असते. माणूस सकाळी येतो, काल केलेल्या खालच्या भागाचा काठ नव्याने मोजतो आणि त्या मापाने वरचा भाग करतो. पण रात्रभरात तो काठ तीन टक्के आकसलेला असतो, ३६ चा ३५ झालेला. तुम्ही आज ओला ३५ केलात की जोडायच्या घट्टपणाला येईतो तो ३४ होणार. एका सेंटिमीटरचा फरक, आणि तो बोटांनी दाबून ओढून भरून काढायला गेलात तर तिथेच चीर. म्हणून नेहमी कालचंच ओलं माप वापरायचं. दोन्ही भाग सारखे घट्ट झाले की काठ आपोआप जुळतात.

६. ओल सारखी करणं

सगळ्या कामातला हाच टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सगळ्यात कमी लक्ष याच्याकडे असतं. लोक भाग करून ठेवतात, पंखा लावतात आणि जेवायला जातात.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. भिंती इतक्या घट्ट की वजन पेलतील, आणि काठ इतके मऊ की एकमेकांत मिसळतील. आपोआप वाळायला ठेवलं तर नेमकं उलट होतं. काठ आधी सुकतो आणि बूड मऊ राहतं. म्हणून चाकावरून उतरवल्यावर लगेच दोन्ही काठांना प्लास्टिकची चार-पाच सेंमी रुंद पट्टी गुंडाळा. बाकी भिंत उघडी.

पंखा थेट अंगावर नको. पंख्याकडची बाजू आधी आकसते, काठ लंबगोल होतो आणि भांडं त्या बाजूला झुकतं. छताचा पंखा मंद ठेवून दर अर्ध्या तासाला फळी पाव फेरा वळवा. खिडकीतून झळ येत असेल तर ती बाजू झाका.

किती वेळ लागेल हे ऋतूवर. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तीन-चार तासांत भिंती तयार होतात आणि पट्टी नसेल तर काठ तासाभरात हातचा जातो. पावसाळ्यात तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही मऊ असू शकतो. थंडीतली कोरडी हवा सगळ्यात सोयीची, फक्त उत्तरायणाच्या सुमाराचा वारा उघड्या गच्चीवर भांड्याला लागू देऊ नका.

घड्याळापेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. भिंतीवर अंगठा दाबला तर खळगा पडू नये, पण नख सहज रुतावं. काठावर अंगठा दाबला तर हलकासा ठसा उमटावा. दोन्ही भागांवर डोळे मिटून आळीपाळीने हीच परीक्षा घ्या. कुठला भाग कुठला हे हाताला ओळखू येत असेल तर ते अजून जोडायच्या लायकीचे नाहीत. घट्ट झालेला भाग प्लास्टिकमध्ये बंद करा, मऊ भाग उघडा ठेवा आणि तासाभराने पुन्हा पाहा.

काठ जास्त सुकलाच तर त्यावर पाणी शिंपडू नका. वरचा थर चिखल होतो, आतली माती तशीच घट्ट राहते. सुती कापडाची ओली, पिळलेली पट्टी काठावर गुंडाळून वरून प्लास्टिक लावा आणि दोन-तीन तास थांबा. काठाचा रंग फिका पडला असेल तर मात्र तो भाग सरळ भिजत घाला. तेवढी माती वाचते, मेहनत पुन्हा करावी लागते, पण फिक्या काठावर केलेला सांधा धरलेला मी पाहिलेला नाही.

घाई असेल तर हीट गन चालते. चाक मंद फिरत ठेवून, २०-२५ सेंमी अंतरावरून, गन सतत वर-खाली हलवत. फक्त भिंतीवर, काठावर कधीच नाही.

सावधान: हीट गनऐवजी गॅसची बत्ती वापरणार असाल तर प्लास्टिक, ओढणी, पदर आणि सुटे केस आधी दूर. खोलीत एकटं असताना हे काम करू नका.

७. जोडणी

खालचा भाग फळीसकट चाकावर ठेवा आणि फिरवून पाहा. काठ हलत असेल तर फळीलाच थोडं सरकवून मध्यावर आणा. फळी खुंट्यांवर असेल तर हे आपसूक होतं.

त्याच मातीचा दह्याइतका दाट चिखल तयार ठेवा. चमचाभर व्हिनेगर घातलं तर मातीचे कण जरा चांगले धरतात, पण पातळ चिखलाची भरपाई व्हिनेगर करत नाही. चराच्या दोन्ही बाजूंना आणि कंगोऱ्यावर सुईने उभ्या-आडव्या रेघा मारा, चिखल लावा, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. पहिला हात काठ शोषून घेतो, सांधा धरतो तो दुसऱ्या हाताने.

आता वरचा भाग उलटायचा. माती आणि फळी मिळून नऊ-दहा किलो होतात, तेव्हा एकट्याने करू नका. आधी भिंतीला हलकेच हात लावून पाहा. ती फळीवर सरकत असेल तर सुटली आहे, मग मदतनीसाने भिंतीला दोन्ही तळहातांचा आधार द्यायचा. नसेल तर दोघांनी समोरासमोर फळीच्या कडा धरा आणि एका दमात पालथी घाला. बोलायचं एकानेच, जो सांध्याच्या रेषेत वाकून पाहतोय त्याने. "काकू, जरा तुमच्याकडे घ्या... अजून... बस. आता सोडत या." दोघे बोलायला लागले की काठ आदळतो.

कंगोरा चरात बसला की वरचा भाग एक-दीड सेंमी डावीकडे, मग तेवढाच उजवीकडे फिरवा. चिखल सगळ्या बाजूंनी सारखा बाहेर आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी येत नसेल तर तिथे काठ टेकलेला नाही. लगेच उचला आणि तेवढी जागा भरा. नंतर वरून चिखल चोपडून ही पोकळी लपते, जात नाही.

वर आलेल्या फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवा, आधी एका दिशेने आणि मग तिला काटकोनात. फरक असेल तर उंच बाजूवर तळहाताने हलके दाबा.

यानंतरचा क्रम बदलू नका. आधी तार फिरवून वरची फळी काढायची, मग सांधा दाबायचा. फळी असताना भांडं वरून-खालून बंद असतं. तेव्हा दाब दिला की आत अडकलेली हवा ओल्या सांध्यातून वाट काढते आणि बारीक बोगदे राहतात. फळी काढली की एक हात आत घाला, दुसरा बाहेर, चाक अगदी मंद ठेवून सांध्याच्या दोन्ही अंगांनी माती एकमेकींत सारा. आतल्या बाजूला करंगळीच्या निम्म्या जाडीची मातीची वळी सांध्यावर फिरवून पूर्ण मिसळून टाका. बाहेरून थापीने हलके चोपा, त्या वेळी आत मूठ किंवा गोटा टेकवलेला असावा. या सगळ्यात पाणी वापरायचं नाही.

तपासा: सांध्यावर बाहेरून बोट फिरवा. कुठेही पायरी लागू नये. आतून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहा, सांध्याची सावली दिसली तर तिथे अजून मिसळायचं आहे.

मग पोट. आतून गोल रिब, बाहेर हात, दोन-तीन फेऱ्यांत ३६ चं ३९ करा. एका फेरीत तीन सेंमी मिळवायला जाऊ नका.

८. गळा

जोडल्यावर निदान तासभर काहीच करू नका. सांध्याची ओल दोन्ही भिंतींत पसरायला तेवढा वेळ लागतो. वरच्या कठड्यावर मात्र प्लास्टिक घाला.

नंतर फक्त कठडा ओला करून मध्यावर आणा आणि ओढून गळा आणि ओठ घडवा. एकूण उंची आता ५७ सेंमीला यायला हवी. चाक मंद, हात हलका. पोटावर तिरक्या सुरकुत्या दिसू लागल्या की ताबडतोब थांबा. वरून तुम्ही धरलंय, खालून चाक फिरवतंय आणि मधली मऊ भिंत पिळली जात आहे. अर्धा तास वाळू द्या आणि पुन्हा बसा. पाण्याचे ओघळ आत सांध्यापर्यंत जातात, ते काठीच्या स्पंजने दर वेळी टिपा.

गळा झाला की मगच बुडाखालून तार फिरवा. भांडं उचलू नका, फळीवरच राहू द्या.

९. वाळवणी

पहिले दोन दिवस सगळा रांजण प्लास्टिकखाली बंद, म्हणजे सांधा, गळा आणि बूड एका ओलीला येतील. बूड लेदर-हार्ड, म्हणजे घट्ट पण अजून ओलसर, झालं की दोघांनी उचलून लाकडी पट्ट्यांवर ठेवा. पट्ट्यांवर वर्तमानपत्राचे दोन थर आणि त्यावर बारीक वाळू, म्हणजे खालून हवा लागते आणि बूड आकसताना सरकतं. बुडाची कड तासायची ती याच वेळी.

यानंतर गळा आणि सांधा झाकलेला, खालचा भाग उघडा. बूड आणि गळा सारखे वाळेपर्यंत हे चालू ठेवा. मग प्लास्टिकला दर दिवसाआड भोकं वाढवत जा. कोरड्या हवेत तीन आठवडे, पावसाळ्यात पाच-सहा. गणपतीत रांजण जोडून दिवाळीआधी भाजायचा बेत दर वर्षी कोणी ना कोणी करतं, आणि भाद्रपदातली दमट हवा तो हाणून पाडते. तेव्हा मुदत आधी ठरवू नका.

वाळला की नाही हे नुसतं पाहून कळत नाही. पृष्ठभाग पांढरट झाला तरी बूड आतून ओलं असतं. गालाला लावून गार लागतं का पाहा, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे वजन. ओल्या मातीच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं. काट्यावर दर तीन दिवसांनी वजन लिहून ठेवा. लागोपाठ दोनदा तेच आलं की रांजण तयार.

१०. बिस्किट भाजणी

भट्टीच्या फरशीवर वाळूचा पातळ थर, त्यावर रांजण. झरोके उघडे ठेवून ८०-९० अंशांवर रात्रभर थांबा. सकाळी झरोक्यासमोर काच धरा. तिच्यावर वाफ धरत असेल तर आणखी थांबा. मग ताशी ४० अंशांनी ६०० पर्यंत. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि उतरताना त्याच अंशाला आकसतं, म्हणून तिथे चढताना आणि उतरताना घाई नको. ६०० नंतर ताशी ८०-१०० अंशांनी १००० पर्यंत. एवढं मोठं भांडं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा मुलामा, लावताना हाताळायचं असतं, त्यामुळे मी बिस्किट ९०० वर थांबवत नाही. भट्टी १०० अंशांखाली येईपर्यंत दार बंद.

चीर कुठे आली त्यावरून चूक ओळखा

सांध्यावरून आडवी जाणारी चीर: दोन भागांची ओल वेगळी होती किंवा काठ सुकला होता. सहावा टप्पा पुन्हा वाचा.

सांध्यावर एकाच ठिकाणी, बोटभर लांबीची: चिखल तिथून बाहेर आला नव्हता किंवा फळी काढायच्या आधी दाब दिला.

ओठापासून खाली उतरणारी उभी: गळा झाकला नाही, किंवा ओठावर पाणी साचू दिलं.

बुडावर एस आकाराची: रिबने बूड दाबलं नाही, किंवा आत पाणी राहिलं.

बुडाच्या कडेने गोल फिरणारी: बूड आणि भिंतीच्या जाडीत फार फरक, किंवा बूड फळीला धरून राहिलं आणि आकसू शकलं नाही.

भांडं चिरलं नाही पण कललं: पंखा किंवा खिडकी एकाच बाजूला होती. सांध्यापासूनच कललं असेल तर लेव्हल एकाच दिशेने तपासली गेली.

बुडाचा किंवा भिंतीचा टवका उडाला आणि आत तुकडे सापडले: भट्टीत जाताना ओल होती. पुढच्या वेळी वजनाची वही आधी पाहा, मग भट्टी लावा.